सीनरीचं दुकान चालवणाऱ्या भाच्याला

दुकान आता तू बघणार. काच कापायला तुझा हात बसलाय, पट्टीचे तिरके कोपरेही फट न ठेवता जुळवतोस, तेव्हा त्यातलं मी काही शिकवत नाही. सांगायचंय ते चौकटीच्या आतल्या कागदाबद्दल. गिऱ्हाईक घासाघीस करतं पट्टीच्या भावावर, पण घरी गेल्यावर वर्षानुवर्षं बघतं ते चित्राकडे.

सोनपेठात काय खपतं ते तुला ठाऊक आहे. कापसाचे पैसे हातात आले, वास्तुशांतीच्या तिथी निघाल्या की माणसं येतात आणि म्हणतात, ‘एक मोठी सीनरी दाखवा.’ निळे डोंगर, मधून कोसळणारा धबधबा, तळ्यात दोन हंस, काठावर लाल छपराचं घर आणि वर गुलाबी ढग. पुण्याकडून सुट्टीला आलेली शिकलेली पोरं या चित्राला हसतात. तू हसू नकोस. आपल्या तालुक्यात पाणी बघायचं तर खडक्याच्या बंधाऱ्यावर जावं लागतं. मे महिन्यात पत्र्याखाली झोपणाऱ्या माणसाला भिंतीवर धबधबा हवासा वाटला तर त्याचं काय चुकलं? मनातलं ठिकाण रंगवणं हे मोठमोठ्या चित्रकारांनीही केलंय. जर्मनीचा कास्पार डेव्हिड फ्रीडरिश घे. कड्यावर पाठमोरा उभा असलेला माणूस आणि पुढं धुक्याचा समुद्र, हे त्याचं १८१८ च्या सुमाराचं चित्र आज जगभर पोस्टरांवर दिसतं. त्यातले डोंगर एका जागी असे कुठंच नाहीत. निरनिराळ्या ठिकाणी काढलेली रेखाटनं जोडून त्यानं ते रचले. अमेरिकेत मॅक्सफील्ड पॅरिशनं १९२२ साली ‘डेब्रेक’ काढलं ते तर छापून घरोघरी विकायचं असं आधीच ठरवून.

आपल्याकडे हा धंदा रुजवला राजा रविवर्म्यानं. १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, यंत्रं जर्मनीहून आणली. पुढं प्लेगच्या दिवसांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. कर्ज वाढलं, तेव्हा फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. चित्रं मात्र निघतच राहिली. रविवर्म्याचा धाकटा भाऊ राजा राजवर्मा हा निसर्गचित्रात मुरलेला चित्रकार होता आणि मोठ्या भावाच्या कामात त्याचा हात असायचा. म्हणून दुकानात रविवर्म्याचं चित्र आलं की देवाच्या चेहऱ्यावरून नजर हलव आणि मागचं आकाश, पाणी, झाडी बघ. अर्धी जादू तिथं आहे.

रविवर्म्याचं ‘गंगावतरण’ नीट बघ एकदा. शंकर दोन्ही हात कमरेवर ठेवून, पाय फाकवून खडकावर उभा आहे आणि मान वर करून बघतोय. एका बाजूला हात जोडलेला भगीरथ, दुसऱ्या बाजूला नंदीला रेलून पार्वती. गंगा अजून वरच आहे, ढगांतून उतरणारी एक लहानशी बाई. बाकी सगळी जागा आभाळाला दिलीय. गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या आपल्या मुलखात, गंगाखेड इतक्या जवळ असताना, हे चित्र दुकानात नसेल तर ती दुकानदाराची कसूर.

जुनं ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र, दगडावरून छापायचे. एकेका रंगाला एकेक दगड. एका चित्राला डझनावारी दगड लागत आणि प्रत्येक दगडाचा ठसा आधीच्या ठशावर केसभरही न सरकता बसावा लागे. वरून वार्निश चढवत, कधी कागदावर कॅनव्हासची वीण उठवत, म्हणजे तैलचित्राचा भास होई. हे कळलं की ओळखही कळते. खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेव. जुन्या दगडी छपाईत रंगाचे ठिपके वेडेवाकडे, कुणी हातानं टिपल्यासारखे दिसतात. ऑफसेटच्या छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चारच रंग, आणि त्यांच्या ठिपक्यांची एकसारखी फुलं ओळीनं मांडलेली. इंकजेटच्या चांगल्या प्रतीत फुलं नसतात, बारीक फवारा दिसतो. ‘पणजोबांच्या वेळचं रविवर्मा आहे’ म्हणून कुणी पिवळट कागद विकायला आणला तर बोलत बसू नकोस, भिंग लाव. ठिपक्यांची फुलं दिसली की ते दगडावरचं नव्हे. कागद पिवळा करायला चहाचं पाणीही पुरतं.

खरंच जुनं निघालं, तर पहिली गोष्ट: कात्री लांब ठेव. खालच्या कोऱ्या पट्टीवर चित्राचं नाव आणि छापखान्याचं नाव असतं. चौकटीत बसावं म्हणून ती पट्टी कापून टाकायची खोड आपल्या धंद्यात फार जुनी आहे, आणि संग्राहक नेमकी तीच पट्टी आधी बघतो. काही घरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीला बायकांनी जरी, टिकल्या, कापडाचे तुकडे लावून साड्या नेसवलेल्या असतात. ते ‘साफ’ करू नकोस. ती त्या घरची कारागिरी आहे आणि चित्राइतकीच मोलाची आहे. मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली आग लागली. त्यामुळं जे उरलंय त्यातलं बरंचसं अशाच माजघरांच्या भिंतींवर आहे.

आता बसवणं. बहुतेक चित्रं इथंच मरतात. काचेला कागद कधी चिकटू देऊ नकोस. पावसाळ्यात कागद सादळतो, काचेला आतून घाम सुटतो आणि वार्निशचा कागद काचेला असा धरून बसतो की सोडवताना रंग काचेवर राहतो. म्हणून मध्ये माउंट घाल, किंवा निदान काचेच्या कडेनं आतून बारीक पट्टी दे. माउंट आम्लरहित पुठ्ठ्याचा. गिऱ्हाईक म्हणेल, साधा पुठ्ठा चालेल की. चालतो, पण काही वर्षांत चित्राच्या कडेला तपकिरी चौकोन उमटतो. मागं वर्तमानपत्र आणि प्लायवूड लावलं तरी तेच होतं, त्यातलं आम्ल कागदात उतरतं. चित्र चारी बाजूंनी चिकटवू नकोस. वर दोन ठिकाणी पातळ कागदाच्या बिजागऱ्या लाव आणि खाली मोकळं सोड. कागद हवेप्रमाणं फुगतो-आकसतो, त्याला हलायला जागा नसली की लाटा पडतात. बिजागरीला गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापर. वहीबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. खतावणीला ते ठीक, चित्राला नको, तांब्याचा क्षार कागद खातो. सेलोटेप तर दुकानात नजरेला पडेल असा ठेवूच नकोस. आणि लॅमिनेशन मागणाऱ्याला सांग: यात घातलेलं चित्र परत बाहेर निघत नाही.

टांगायला तू स्वतः जात जा. पोराला पाठवलंस तर तो खिळा दिसेल तिथं अडकवतो. पश्चिमेची भिंत नको, ती रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. न्हाणीला लागून असलेली भिंत नको, ओल येते. देवघराच्या समईवर तर नकोच. काजळी काचेवर दिसते तेवढीच नसते, फटीतून आतही जाते. खिडकीतलं ऊन दुपारी कुठवर येतं ते घरच्या म्हातारीला विचार, तिला पक्कं माहीत असतं. चौकटीच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे चित्र आणि भिंत यांच्यात वारा खेळतो आणि वाळवीला थेट वाट मिळत नाही. जुन्या वाड्यांत तसबिरी पुढं झुकवून लावत, त्यानंही मागं हवा राहायची. पुसायचं कोरड्या फडक्यानं. काचेवर पाणी फवारलं तर ते खाली ओघळून चौकटीच्या खाचेत शिरतं आणि तिथून कागदात.

नव्या छपाईचं आता वेगळंच डोकं झालंय. पोरं मोबाईल पुढं करतात, ‘हे चित्र तीन फुटी करून द्या.’ हिशेब पाठ कर: इंचाला तीनशे ठिपके. बारा बाय अठरा इंचाला ३६०० बाय ५४०० ठिपक्यांचं चित्र लागतं, चोवीस बाय छत्तीसला त्याच्या चौपट. दूरच्या भिंतीवर टांगायचं असेल तर निम्म्यावरही भागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं चित्र त्यात बहुधा बसत नाही. धबधब्याचा तांदळाचा रवा होतो. हे आधी सांग, छापून झाल्यावर नव्हे. शाईही विचारून घे. डाय शाईचा रंग पहिल्या दिवशी भडक, उन्हात लवकर उडतो. पिगमेंट शाई टिकते. सुती कागद महाग पडतो, पण पिवळा पडत नाही. ‘जिक्ले’ असा जड शब्द छापणारा सांगेल. त्याचा अर्थ चांगल्या शाईनं, चांगल्या कागदावर केलेली इंकजेट प्रत, याहून जास्त काही नाही. गिऱ्हाइकालाही तेवढंच सांग आणि बिलावर ‘छापील प्रत’ असं स्वच्छ लिही. कागद कोणता, शाई कोणती, तेही लिही. प्रत म्हणून विकलेल्या चित्राबद्दल दुकानात भांडायला कुणी येत नाही.

शेवटचं, कायद्याचं. चित्रकार वारल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं त्याच्या चित्राचा हक्क वारसांकडं किंवा ज्याला दिला त्याच्याकडं असतो. रविवर्मा १९०६ साली गेला, त्याचं चित्र कुणीही छापावं. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत थांबायचं. रघुवीर मुळगावकर १९७६ साली, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. तोवर कुणी आजीच्या ट्रंकेतलं मुळगावकरांचं कॅलेंडर आणून ‘याच्या चार प्रती काढून द्या’ म्हणालं तर नाही म्हण, आणि ते मूळ पानच चांगल्या माउंटात बसवून दे.