चांदीवरील काळा थर

चेन्नईच्या पश्चिमेस असलेले आवडी हे गाव जानेवारी १९५५ मध्ये तेथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनामुळे देशभर माहीत झाले. पुढे तेथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९६५ साली त्यातून पहिला ‘विजयंत’ रणगाडा बाहेर पडला. अशा कारखान्यांच्या वसाहतींत निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येऊन राहतात व येताना आपापले देव बरोबर आणतात. मराठी कुटुंबाच्या देव्हाऱ्यात बहुधा कुलदैवतांचे टाक असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठविलेली खंडोबाची किंवा भवानीची मूर्ती म्हणजे टाक. देशावरच्या कोरड्या हवेत हे टाक बराच काळ उजळ राहतात. समुद्राजवळच्या दमट हवेत ते लवकर पिवळट पडतात आणि मग काळवंडतात. साहजिकच ते चिंच, राख किंवा रांगोळी यांनी घासले जातात. टाक उजळतो खरा; परंतु दोन-तीन पिढ्यांनंतर मूर्तीचे नाकडोळे पुसट होऊन जातात. दोष पुष्कळदा घासणाऱ्या सुनेच्या हाताला दिला जातो. तो वस्तुतः राखेचा असतो.

चांदीवर येणारा काळा थर हा मळ नव्हे. लोखंड हवेतील प्राणवायूमुळे गंजते. चांदीवर मात्र साध्या तापमानास प्राणवायूचा एकट्याचा विशेष परिणाम होत नाही. तिचे वैर गंधकाशी आहे. कुजके अंडे, साचलेले सांडपाणी, सडणारा पालापाचोळा यांतून हायड्रोजन सल्फाइड नावाचा दुर्गंधी वायू निघतो. आवडीच्या दक्षिणेकडून पुढे चेन्नई शहरात जाणाऱ्या कूवम नदीच्या साचलेल्या पाण्यास जी घाण येते, तीत हा वायू असतो. हवेत तो अत्यल्प असला तरी चांदीला तेवढा पुरतो, आणि ओलावा असल्यास ही क्रिया अधिक वेगाने होते. लोकर व रबर यांतही गंधक असते. हिंगाचा उग्र वासदेखील गंधकाच्याच संयुगांचा होय. चांदीचे नाणे रबराच्या पट्टीने बांधून ठेवल्यास काही दिवसांनी पट्टीखाली काळी रेघ उमटलेली दिसते. शाळेत हा प्रयोग सहज करता येईल.

या क्रियेत तयार होणाऱ्या पदार्थास सिल्व्हर सल्फाइड म्हणतात. प्रथम त्याचा थर इतका पातळ असतो की त्यावरून परतणाऱ्या प्रकाशामुळे तो सोनेरी, तांबूस किंवा निळसर भासतो. जाड झाल्यावर तो काळा दिसतो. त्याच्या दर १०० भारांत सुमारे ८७ भार चांदी आणि १३ भार गंधक असते. म्हणजे तो थर खरवडून काढणे हे बहुतांशी चांदीच खरवडून काढणे होय. टाकावरील नाकडोळे राखेबरोबर मोरीत जातात ते असे.

शिवाय घासण्याच्या पदार्थाचे काठिण्यही पाहिले पाहिजे. खनिजांच्या काठिण्याच्या मापात चांदी सुमारे २.५ वर येते, तर गारगोटी ७ वर. राखेत मातीचे व वाळूचे कण मिसळलेले असतात, आणि रांगोळी म्हणजे दळलेला दगडच. ते कण काळ्या थराबरोबर खालच्या स्वच्छ धातूलाही ओरखडतात. चिंचेची गोष्ट निराळी आहे. तिच्यातील आम्ल तांब्यापितळेवरील थर विरघळविते, म्हणून घंगाळ व कळशी तिने लखलखतात. सिल्व्हर सल्फाइड मात्र त्या आम्लात विरघळत नाही. तरीही चिंचेने चांदी उजळते असा अनुभव सांगितला जातो. त्याचे कारण काही अंशी हाताचा जोर आणि काही अंशी चांदीतील तांबे हे असावे. लक्ष्मीपूजनास मांडल्या जाणाऱ्या जुन्या रुपयांत १९४० पूर्वी सुमारे ९२ टक्के चांदी असे. त्यानंतर १९४५ पर्यंतच्या रुपयांत ती निम्मीच राहिली व ४० टक्के तांबे आले.

न घासता ही चांदी परत मिळविण्याची एक रीत आहे. काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तळाशी ॲल्युमिनियमचा पातळ कागद पसरावा. त्यावर काळवंडलेली वस्तू अशी ठेवावी की ती कागदास प्रत्यक्ष टेकेल. एक लिटर कढत पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा व एक लहान चमचा मीठ विरघळवून ते पाणी वर ओतावे. काही मिनिटांत काळेपणा ओसरू लागतो आणि कुजक्या अंड्याचा किंचित वास येतो. म्हणून खिडकी उघडी असावी. येथे ॲल्युमिनियम स्वतः झिजते, गंधक चांदीपासून सुटते आणि मोकळी झालेली चांदी वस्तूवरच राहते. हिशेबाने १ ग्रॅम ॲल्युमिनियम सुमारे १२ ग्रॅम चांदी मोकळी करू शकते. वस्तू कागदापासून अलग राहिली तर मात्र फारसे काही घडत नाही. प्रयोग फसला, तर प्रथम हेच तपासावे. नंतर वस्तू स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने लगेच कोरडी करावी. परत बसलेली चांदी थोडी निस्तेज दिसते. पाण्यात कालवलेली खडूची वस्त्रगाळ पूड बोटाने हलकेच फिरविली की तिला तकाकी येते.

ही रीत सर्वत्र चालत नाही. खडे, मोती किंवा आत लाख भरलेले दागिने कढत पाण्यात घालू नयेत. नक्षी उठून दिसावी म्हणून सोनाराने मुद्दाम काळे केलेले खोलगट भागही या पाण्यात पांढरे पडतात. तंजावरची नक्षीची ताटे हे याचे उत्तम उदाहरण होय. ही कला तेथील मराठा राजे दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) यांच्या काळात उदयास आली अशी परंपरा सांगते. त्या ताटांवरील चांदीच्या मूर्तींच्या पाठीमागे मेणाचे मिश्रण भरून त्या पितळेच्या किंवा तांब्याच्या थाळीवर बसविलेल्या असतात. कढत पाण्याने ते मिश्रण मऊ होऊन मूर्ती सुटण्याचा धोका असतो. अशा ताटावरून कोरडे मऊ कापड फिरवावे आणि खाचांतील काळोखी तशीच राहू द्यावी.

नित्य पूजेतील चांदी रोज हाताळली व पुसली जात असल्याने कमी काळवंडते, पेटीतली अधिक. ठेवणीतल्या वस्तू पूर्ण कोरड्या करून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळाव्यात, त्यावर घट्ट बंद होणारी पिशवी घालावी आणि रबराची पट्टी किंवा लोकरीचे वस्त्र त्यांच्याजवळ ठेवू नये.