कपाटाला कुलूप लाव

कोल्हापूर

चि. ओंकार,

काल वहिनीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, ओंकारनं सगळी जुनी एअर पिस्तुलं हॉलमध्ये उघड्या फळीवर मांडलीत, टीव्हीच्या शेजारी, फार छान दिसतात. तिला कौतुक वाटत होतं. मला मात्र रात्री झोप लागली नाही. तुझी मिहू आता सहा वर्षांची झाली. तिचा हात त्या फळीला पोचतो का, एवढं आधी सांग. पोचत नसेल तर खुर्ची ओढून पोचेल. तू त्या वयात आजोबांच्या माळ्यावर चढलेला मुलगा आहेस.

तुझ्या छंदाला माझा विरोध नाही. बर्मिंगहॅममध्ये राहून वेब्ली कंपनीची पिस्तुलं जमवायची नाहीत तर कुठं? ज्या वीमन स्ट्रीटवर त्यांचा कारखाना होता, तिथून तू बसनं जातोस. 1924 सालचं मार्क वन तुला मिळालं म्हणून तू फोटो पाठवलास, तो मी मोठा करून पाहिला. नळी सिलिंडरच्या वर, मागचा खटका सोडला की ती वर उचलून पुढं उलटायची आणि तिनंच स्प्रिंग ताणायची. चाप ओढला की पिस्टन मागं, आपल्या हाताकडं येतो. एवढ्याशा पिस्तुलात एवढी लांब नळी बसवायची ही युक्ती मला अजून अप्रूप वाटते. पण त्यातच खरी भीती आहे, ओंकार. नळी बंद केली की स्प्रिंग ताणलेली आहे की नाही, हे बाहेरून बघून कळत नाही. आणि शंभर वर्षांत चापाची आतली खाच झिजलेली असते. नुसत्या धक्क्यानं सुटतं असं पिस्तूल. नळी उघडी असताना सुटलं तर ती फटकन मिटते, बोट मध्ये असलं तर बोटाचं काय होईल हे तुला सांगायला नको. छर्रा असेल तर डोळा जातो. तिकडं एअर पिस्तुलाच्या ताकदीची मर्यादा सहा फूट-पौंड, म्हणजे जेमतेम आठ जूल. आकडा लहान दिसतो, पण डोळ्याला तो फार झाला.

दुसऱ्या फोटोखाली तू 'जर्मन डायना' लिहिलं होतंस. ते जर्मन नाही. त्याच्यावर मेड इन ग्रेट ब्रिटन असा ठसा आहे, तो तू वाचला नाहीस. दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाच्या रास्टाटच्या कारखान्याची यंत्रं भरपाई म्हणून ब्रिटनमध्ये गेली, ती मिलब्रो कंपनीनं घेतली आणि स्कॉटलंडमधल्या मदरवेलमध्ये डायना नावानंच माल काढला. मूळ जर्मन कंपनी पुन्हा उभी राहिली तेव्हा ब्रिटनमध्ये तिला स्वतःचंच नाव वापरता येईना, म्हणून तिच्या मालावर तेव्हा 'ओरिजिनल' लिहिलेलं असायचं. विकणाऱ्यानं तुला जर्मन म्हणून दिलं असेल तर जास्त पैसे घेतले. धनुष्य टाकून देऊन एअरगन उंचावणारी ती देवी दिसली की माणूस भुलतो. आधी ठसा वाचावा, मग नंबर, मग स्क्रूच्या खाचा. खाचा चेपलेल्या असल्या की कुणीतरी आत हात घातलाय असं समजावं.

आणि ते पॉलिश करू नकोस. वहिनी म्हणाली, तू एक पिस्तूल घासून काळं करून घेणार आहेस. नको. जुना काळा-निळा मुलामा विरळ झाला तरी तो कारखान्याचा आहे. घासलं की कडा गोल होतात, अक्षरं बुजतात, आणि मग ते पिस्तूल कुठल्याच सालाचं राहत नाही. तेलाचा हात फिरव, बस्स. आत तेल ओतू नकोस, ते पेटतं आणि वॉशर जळतो. छर्रा न घालता चाप कधी ओढू नकोस.

वॉल्थर एलपी 53 या एअर पिस्तुलाचं वेड मात्र डोक्यातून काढ. शॉन कॉनरीनं 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या बाँडपटाच्या फोटोंसाठी ते हातात धरलं, कारण खरं पिस्तूल त्या दिवशी स्टुडिओत नव्हतं. ते नेमकं पिस्तूल 2010 साली लिलावात पावणेतीन लाख पौंडांच्या वर गेलं. तेव्हापासून कुणाच्याही माळ्यावरचं एलपी 53 बाँडच्या भावानं विकायला काढतात. तुझ्या घराचे हप्ते चालू आहेत.

रागावले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मला हे कुठून कळतं, ते तुझ्या बाबाला विचार. आमच्या नेमबाजी क्लबात एकच फाइनवर्कबाऊ 65 एअर पिस्तूल होतं. गोळी सुटली की त्याचं अंग रुळावर मागं सरकतं, हाताला धक्का लागत नाही. रविवारी माझी पाळी यायची. लग्न होऊन मी इचलकरंजीला गेले आणि पाळी दुसऱ्या कुणाची झाली. 1988 साली सोलला दहा मीटर एअर पिस्तूल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, बायकांचंसुद्धा. पेपरात वाचलं तेव्हा माझ्या कडेवर राजू होता. सासरी कुणी नाही म्हटलं नसतं कदाचित, पण विचारायचं धाडस झालं नाही. पुढं आपल्या नेमबाज पोरींनी, तेजस्विनी आणि राहीनं, कोल्हापूरचं नाव जगभर नेलं, तेव्हा मला आनंदानं रडू आलं. आनंदच होता तो, पण सगळा नव्हता.

म्हणून तुझ्या हातात पिस्तूल बघून मला बरं वाटतं. घरात कुणाला तरी त्याचा लळा लागला. मिहूलाही लागू दे. मोठी झाली की तिला रीतसर क्लबात घाल, मी इथून सांगेन कसं उभं राहायचं, श्वास कुठं सोडायचा. पण आत्ता फळीवर नको. तिकडचा कायदाही हेच म्हणतो, अठराच्या आतल्या मुलांच्या हाती लागणार नाही याची काळजी घेणं हे मालकाचं काम आहे. मित्राकडं ग्लासगोला जाशील तेव्हा एकही बरोबर नेऊ नकोस, स्कॉटलंडला 2016 पासून लायसन लागतं. आणि रस्त्यानं, ट्रेननं कारणाशिवाय बॅगेत घेऊन फिरू नकोस. जुनं आहे, हे पोलिसाला लांबून दिसत नाही.

छर्रे वेगळ्या डब्यात ठेव, तेही कुलपात. शिशाचे असतात, हाताळल्यावर हात धू.

एक लोखंडी कपाट घे. काचेचं नको. पैसे कमी पडत असतील तर मला सांग, बाबाला विचारत बसू नकोस. माझी एफडी दिवाळीत सुटते, त्यातून पाठवते. मिहूच्या आत्याआजीकडून म्हणून घे. या रविवारच्या आत कुलूप लाव आणि मला फोन कर, किती वाजले असतील ते बघू नकोस. मी जागीच असेन.

तुझी,
आत्या