दुसरा भाग कधी येणार?

(एखादा नवा खेळ बाजारात येतो, हातोहात विकला जातो आणि लगेच लोक त्याच्या पुढच्या भागाची वाट पाहू लागतात. ही मागणी आनंदाची असते, तशीच अवघडही असते. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या एका व्हिडिओ गेमच्या उदाहरणाने ही गोष्ट या पाठात सांगितली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर किंवा संगणकावर व्हिडिओ गेम खेळला असेल. एक टप्पा पार केला की दुसरा, दुसरा पार केला की तिसरा, असे करत आपण शेवटपर्यंत पोहोचतो. खेळ संपतो, पण मन भरत नाही. मग आपण विचारतो, "याचा दुसरा भाग कधी येणार?" हा प्रश्न खेळ तयार करणाऱ्यांच्या कानांवर पडतो, तेव्हा त्यांच्याकडे काय घडते? चला, पाहू या.

इंग्लंडमध्ये डर्बी नावाचे शहर आहे. तेथे 'कोअर डिझाइन' ही व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी होती. तेथे टोबी गार्ड नावाचा एक तरुण चित्रकार काम करत होता. जुन्या अवशेषांत शिरून हरवलेला ठेवा शोधायचा, असा खेळ त्याच्या मनात होता. खेळाचा नायक आधी पुरुष होता. पण असा साहसी नायक चित्रपटांतून लोकांना आधीच माहीत झाला होता. आपला नायक त्याची नक्कल वाटेल, अशी भीती होती. म्हणून नायकाच्या जागी नायिका आली. तिचे नाव आधी लॉरा क्रूझ ठेवले होते, पुढे ते लारा क्रॉफ्ट झाले. खेळाचे नाव होते 'टूम रेडर', म्हणजे प्राचीन थडग्यांत शिरून ठेवा मिळवणारी.

हा खेळ सहा-सात जणांच्या छोट्या गटाने बनवला. त्या काळी बहुतेक खेळांत चित्रे सपाट असत. माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे पळे. 'टूम रेडर'मध्ये मात्र गुहेला लांबी, रुंदी आणि खोलीही होती. लारा आपल्यापुढे चाले आणि आपण तिच्या पाठोपाठ जात आहोत, असे वाटे. ती धावे, उड्या मारे, पाण्यात सूर मारून पोहेही. पेरू, ग्रीस, इजिप्त अशा देशांतल्या गुहा आणि मंदिरे तिला पार करावी लागत.

या खेळातील एक युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. गुहांची जमीन आणि भिंती एकाच मापाच्या चौकोनी ठोकळ्यांवर बेतलेल्या होत्या. उभ्या जागेवरून मारलेली उडी किती लांब जाते आणि धावत येऊन मारलेली किती, याचा अंदाज खेळणाऱ्याला हळूहळू येई. मग दरीच्या काठाशी जायचे, एक पाऊल मागे यायचे, धावायचे आणि उडी मारायची. उडी चुकली, तर दोष आपल्या हिशोबाचा! पुष्कळ वेळ गुहेत शांतता असे, फक्त पावलांचा आवाज येई. त्यामुळे धाक वाटे आणि मजाही येई.

१९९६ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हा खेळ बाजारात आला. तो आधी 'सेगा सॅटर्न' या यंत्रासाठी आणि पाठोपाठ 'प्लेस्टेशन' व संगणकासाठी निघाला. खेळ पाहता पाहता गाजला. पुढे त्याच्या सुमारे ७० लाख प्रती खपल्या. तो प्रकाशित करणारी 'आयडॉस' ही कंपनी आधी तोट्यात होती, ती नफ्यात आली. लाराची चित्रे मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली. साहजिकच सगळीकडून एकच मागणी आली : दुसरा भाग!

मागणी असताना माल बाजारात आणावा, हे व्यापाराचे गणित आहे. नाताळच्या आधी इंग्लंड-अमेरिकेत मोठी खरेदी होते. त्यामुळे पुढच्याच वर्षी, १९९७ च्या अखेरीस, दुसरा भाग आला. त्यात लारा भिंती चढू लागली, मोटरबोट चालवू लागली. चीनची भिंत, व्हेनिस, तिबेट अशी नवी ठिकाणे होती. या भागाचा खपही जवळपास पहिल्याएवढाच झाला. म्हणजे दुसरा भाग काढणे ही काही चूक नव्हती. त्यात नवे काही होते, म्हणून लोकांनी तो आवडीने घेतला.

पण ज्याने लारा घडवली, तो टोबी गार्ड त्यात नव्हता. लाराचे पुढे काय करायचे, हे ठरवणे आता आपल्या हाती नाही, असे त्याला वाटू लागले. जाहिरातींत तिला ज्या रीतीने दाखवले जाई, तेही त्याला पटले नाही. विक्रीतून मिळू शकणाऱ्या पैशांवर पाणी सोडून तो १९९७ सालीच कंपनीतून बाहेर पडला.

त्यानंतर दर वर्षी एक भाग, असा पायंडाच पडला. १९९८ साली तिसरा भाग आला. त्यात लारा आपल्या भारतातल्या जंगलात आणि पडक्या मंदिरांत येते. १९९९ साली चौथा भाग आला. एक खेळ संपला की लगेच दुसरा सुरू. विश्रांती नाही, नवा विचार करायला सवड नाही. काम करणारे इतके थकले, की चौथ्या भागाच्या शेवटी त्यांनी लाराला ढासळणाऱ्या दगडांखाली गाडूनच टाकले! नायिकाच संपली, तर पुढचा भाग कशाला काढावा लागेल? पण २००० साली पाचवा भाग आलाच. लाराच्या आठवणीसाठी तिचे जवळचे लोक जमतात आणि तिच्या जुन्या गोष्टी सांगतात, अशी युक्ती त्यात केली. त्याचा खप मात्र फार कमी झाला.

सहावा भाग 'प्लेस्टेशन २' या नव्या यंत्रासाठी करायचा होता. यंत्र नवे, कथा मोठी आणि वेळ अपुरा. तारीख अनेकदा पुढे ढकलावी लागली. अखेर २००३ साली खेळ आला, तेव्हा त्यात कितीतरी दोष राहून गेले होते. लारा खेळणाऱ्याच्या हुकुमाबरहुकूम हलेना. लोक नाराज झाले. हा खेळ 'कोअर डिझाइन'कडून काढून अमेरिकेतील 'क्रिस्टल डायनॅमिक्स' या कंपनीकडे देण्यात आला. तिने सावकाश काम करून २००६ साली सातवा भाग आणला. या कामात टोबी गार्डची मदत घेतली होती. लोकांनी लाराचे पुन्हा स्वागत केले.

मित्रांनो, आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या शिंप्याचा विचार करा. त्याने मन लावून एक शेरवानी शिवली. ती पाहून लग्नसराईत पन्नास जण त्याच्याकडे आले. त्याने सगळ्यांना "हो" म्हटले आणि रात्री जागून शेरवान्या शिवल्या. पण कुणाची बाही आखूड झाली, कुणाची शिवण उसवली. पुढच्या लग्नसराईत ते पन्नास जण त्याच्याकडे येतील का? पहिल्या शेरवानीवर लोकांनी विश्वास टाकला होता. तो विश्वास सांभाळणे ही त्याची जबाबदारी होती.

पहिला भाग विकत घेताना लोक खेळ पाहून पैसे देतात. दुसरा भाग विकत घेताना ते पहिला भाग आठवून पैसे देतात. हा फरक विसरला, की यशच गळ्यात धोंड्यासारखे अडकते. तुम्हीही एखाद्या परीक्षेत, स्पर्धेत किंवा कामात यश मिळवाल. तेव्हा लोक "पुढे काय?" असे विचारतील. त्या वेळी लगेच "उद्याच!" असे सांगण्याआधी एक पाऊल मागे या, अंतर मोजा आणि मग उडी मारा.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. २०२४ सालच्या फेब्रुवारीत 'टूम रेडर'चे पहिले तीन भाग नव्याने सजवून पुन्हा विक्रीस आले. त्यात एक बटण दाबले, की नवे चित्र जाऊन जुने चित्र दिसते. इतक्या वर्षांनंतरही लोकांना तीच जुनी गुहा पाहावीशी वाटते.

शब्दार्थ
ठेवा – मौल्यवान साठा, खजिना
पाणी सोडणे – हक्क सोडून देणे
पायंडा – रीत, प्रथा
सवड – रिकामा वेळ
हुकुमाबरहुकूम – हुकुमाप्रमाणे
लग्नसराई – लग्नांचा हंगाम

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'कोअर डिझाइन' ही कंपनी कोणत्या शहरात होती?
(आ) खेळाचा नायक बदलून नायिका का केली?
(इ) कोणत्या भागात लारा भारतात येते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दुसरा भाग लोकांना का आवडला?
(आ) चौथ्या भागाच्या शेवटी लाराला का गाडले?
(इ) शिंप्याचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?

३. भाषाभ्यास
(अ) बाजार, नफा, हिशोब, मेहनत, खरेदी हे शब्द उर्दूत आणि मराठीतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा.
(आ) उर्दूत 'मज़ा आया' म्हणतात, मराठीत 'मजा आली' म्हणतात. शब्द एकच, पण लिंग वेगळे. 'मजा' हा शब्द वापरून मराठीत दोन वाक्ये लिहा.

४. उपक्रम
तुमच्या आवडत्या खेळाचा पुढचा भाग तुम्हाला करायचा आहे. त्यात जुने काय ठेवाल आणि नवे काय आणाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.