टेलिकॉममधली कृत्रिम बुद्धिमत्ता : थोडं गणित, थोडं नागपूर

फर्स्ट इयरचे निकाल लागले की ज्युनिअर मंडळी एकच प्रश्न घेऊन आमच्या खोलीवर येतात. "दादा, आता सगळं एआयच करणार म्हणे. मग ईटीसी घेऊन करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. नुसतं "टेन्शन घेऊ नको बे" म्हणून तो सुटत नाही. म्हणून जरा खोलात जाऊ. गणित येईल, पण बारावीच्या पलीकडचं नाही.

टेलिफोनवाल्यांना अंदाज बांधायची सवय काही आजची नाही. एर्लांग नावाचा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. गर्दीच्या तासाला किती कॉल येतात आणि सरासरी किती वेळ चालतात, यावरून किती लाइनी लागतील हे सांगणारं सूत्र त्याने १९१७ मध्ये मांडलं. तासाला १०० कॉल, प्रत्येकी ३ मिनिटांचा, म्हणजे ३०० मिनिटं. भागिले ६०, उत्तर ५ एर्लांग. पेपरात हे हमखास येतं आणि आपण ते हमखास पाठ करून जातो!

या सूत्रात एक गृहीत दडलेलं आहे. प्रत्येक जण आपापल्या मर्जीने, दुसऱ्याशी संबंध न ठेवता फोन करतो, असं ते मानतं. रोजच्या दिवशी हे चालून जातं. पण जामठ्याच्या स्टेडियमवर शेवटच्या ओव्हरला हजारो लोक एकाच क्षणी व्हिडिओ पाठवू लागले की गृहीत कोसळतं. मशीन लर्निंग इथे कामाला येतं. प्रत्येक टॉवरवर किती फोन जोडलेले आहेत, किती डेटा वाहतो आहे याच्या नोंदी सतत होत असतात. त्या महिनोन् महिने मॉडेलला दाखवल्या की पुढच्या तासाचा भार किती असेल ते सांगू लागतं. मग रात्री रस्ते ओस पडले की जादा क्षमतेचे बँड झोपवायचे, वीज वाचवायची आणि सकाळी गर्दीच्या आधी उठवायचे.

ऐकायला छान आहे. पण आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दर विजयादशमीला लाखो लोक येतात. विजयादशमी २०२३ साली २४ ऑक्टोबरला होती, २०२४ साली १२ ला आणि २०२५ साली २ ला. मॉडेलला फक्त तारीख आणि वार शिकवला असेल, तर २०२३ ची गर्दी बघून ते पुढच्या वर्षी २४ तारखेची तयारी करेल आणि १२ ला गाफील राहील. आणि तेव्हा गर्दीत चुकलेल्या म्हाताऱ्या आईला फोन लागत नसतो, हे विसरू नका. उपाय साधा आहे, डेटामध्ये तिथीचा एक रकाना वाढवायचा. पण तो वाढवायला हवा हे सुचणार कोणाला? ज्याला नागपूर माहीत आहे त्याला. माझ्या मते ज्युनिअरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता उरलेलं अर्धं. दूरसंचार विभागाने बनावट कागदपत्रांवरची सिमकार्डं शोधायला 'अस्त्र' नावाची यंत्रणा आणली. आपण सिम घेताना दिलेला फोटो ती आकड्यांच्या एका लांब ओळीत बदलते आणि मग ओळीशी ओळ ताडून बघते. चेहरा एकच, पण नावं वेगवेगळी, असं दिसलं की संशय. २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलेले आकडे असे : ८७ कोटींहून अधिक जोडण्या तपासल्या, ४० लाखांहून अधिक संशयित निघाल्या आणि पडताळणीनंतर ३६ लाखांहून अधिक बंद केल्या. काम मोठं आहे यात शंका नाही.

पण "पडताळणीनंतर" हा शब्द सोडून पुढे जाऊ नका. आपल्या हॉस्टेलमध्ये ३०० पोरं आहेत असं धरा. प्रत्येकाचा फोटो प्रत्येकाशी ताडायचा तर जोड्या किती? ३०० गुणिले २९९ भागिले २, म्हणजे ४४,८५०. मशीन दहा हजारांत एकदाच चुकतं असं समजू. तरी चार-पाच जोड्या चुकीच्या निघणारच! आता हेच नागपूरला लावा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. २४ लाख फोटोंच्या जोड्या होतात सुमारे २ लाख ८८ हजार कोटी. मशीन कोटीत एकदाच चुकलं तरी २ लाख ८८ हजार जोड्या खोट्या. फोटो वाढतात त्याच्या वर्गाने जोड्या वाढतात, ही गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही. म्हणून चेहऱ्यानंतर नाव जुळवायचं आणि त्यानंतर ग्राहकाची पुन्हा पडताळणी करायची. ही शेवटची पायरी खर्च वाचवायला कोणी गाळली, तर जुळ्या भावांपैकी एकाचा फोन मुकाट्याने बंद पडेल. बँकेचा ओटीपी, स्कॉलरशिपचा मेसेज, सगळं त्याच नंबरवर.

स्पॅमचंही तसंच. एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये संशयित कॉलवर इशारा दाखवणारी यंत्रणा सुरू केली. कोण किती वेळा फोन करतो, कॉल किती सेकंद चालतो, अशा सवयींवरून ती अंदाज बांधते. आता आपल्या गॅदरिंगची स्पॉन्सरशिप कमिटी आठवा. दिवसाला शंभर अनोळखी दुकानदारांना फोन आणि त्यातले नव्वद दहा सेकंदांत कट! नुसत्या सवयी बघणाऱ्या कुठल्याही यंत्राला आपला खजिनदार आणि कर्जवाली कंपनी यांत काय फरक दिसणार?

तेव्हा ज्युनिअरांनो, ईटीसी घ्या, पण प्रोबॅबिलिटीच्या तासाला मागच्या बाकावर झोपू नका.

जाता जाता एक काम. १६ मे २०२३ ला सुरू झालेल्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, की यादी समोर. आपल्या भागात एका माणसाला नऊपर्यंत सिम चालतात. यादीत अनोळखी नंबर असेल तर "हा माझा नाही" असं तिथेच कळवता येतं. फुटपाथवरच्या छत्रीखाली आधारची झेरॉक्स देऊन सिम घेतलेले आपल्यात बरेच आहेत. रेक्टर सरांची हरकत नसेल तर येत्या रविवारी जेवणानंतर मेसमध्येच बसू. माणशी पाच मिनिटं पुरतात.