शाळेचा दाखला आणि कामाची जागा

आठवीचा निकाल लागला, शाळा सोडल्याचा दाखला घरी गेला, की शिक्षकांचे काम संपले असे सामान्यतः मानले जाते. इतर मुले जवळच्या हायस्कुलात जातात. ज्या मुलास ऐकू येत नाही किंवा ज्या मुलीस बौद्धिक दिव्यांगता आहे, ते मूल मात्र पुष्कळदा त्याच दिवशी ओसरीवर बसते, ते बसतेच. मग शिकलेली अक्षरे पुसट होतात आणि चार माणसांत वावरण्याची सवयही जाते. हे टाळावयाचे तर दाखल्यापूर्वी निदान दोन वर्षे विचार सुरू झाला पाहिजे. तो शाळेच्या चार भिंतींत पुरा होण्यासारखा नाही. त्यात गाव हवे.

प्रथम कायद्याची बाजू ध्यानात घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगता प्रमाणित झालेल्या बालकास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला आहे. म्हणून आठवीनंतर शाळा संपलीच, असे पालकांस वाटू देऊ नये. शिवाय १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास आणि १४ ते १८ वर्षांच्या मुलास धोक्याच्या कामावर ठेवण्यास बंदी आहे. येथे सुचविले आहे ते शिक्षकाच्या देखरेखीखाली काम पाहणे व ओळखणे, मजुरी नव्हे.

उदाहरणादाखल गावातील दूध संकलन केंद्र घ्यावे. बाहेरून पाहणाऱ्यास तेथे एकच काम दिसते. शिक्षकाने दोन सकाळी तेथे उभे राहून पाहिले, तर त्याचे सात-आठ तुकडे पडतात: सभासदाचा क्रमांक पाहणे, दूध मापणे, नमुना काढणे, यंत्रावर फॅट तपासणे, नोंद करणे, कॅन भरणे, भांडी धुणे. कर्णबधिर मुलास यांतील बहुतेक कामांत कानांची गरजच नाही. अडचण फक्त क्रमांकाची, कारण सभासद तो तोंडाने सांगतात. सभासदांनी क्रमांक कार्डावर लिहून आणला, की तीही सरते. केंद्राचे चालक बहुधा विचारतील, “गुरुजी, नोंद चुकली तर पैसे कोण भरणार?” हा प्रश्न रास्त आहे, त्याने रागावू नये. महिनाभर मुलाने कच्च्या वहीत नोंद करावी, चालकांनी ती आपल्या नोंदीशी ताडून पाहावी, म्हणजे उत्तर वहीच देईल. ‘बिचाऱ्याला सांभाळून घ्या’ असे मात्र शिक्षकाने कधीही म्हणू नये. दयेने मिळालेली जागा चालक बदलला की जाते.

अंध विद्यार्थी म्हटला की खुर्च्या विणणे, ही समजूत आता सोडून द्यावी. हा धंदा वाईट नव्हे. पण ज्या गावात वेताची खुर्चीच नाही, तेथे तो शिकून मुलाने काय करावे? गावात आहे तेच काम पाहावे. रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरण्याचे काम बौद्धिक दिव्यांगता असलेली मुलगी नेटाने करू शकते. मोजणीत चुकत असेल तर दहा खणांचा ट्रे द्यावा. खण भरले की दहा झाले.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा २०१८ चा आदेश आहे. तो कसा खर्च झाला, हे पालकांनी ग्रामसभेत विचारावे; मुलाच्या पुढील कामाची हत्यारे किंवा शिलाई यंत्र त्यातून मागता येईल. मागणीच्या वेळी प्रमाणपत्राअभावी अडू नये, म्हणून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र सहावीतच करून घ्यावे.

दाखल्यासोबत एक साधा कागदही द्यावा. मूल कोणते काम स्वतः करते, कोणत्या ठिकाणी मदत लागते, त्याच्याशी कसे बोलावे, एवढेच त्यावर असावे. त्याची एक प्रत पुढील शाळेस, एक कामाच्या जागी व एक घरी राहावी. दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकाने त्या जागी एकदा जाऊन यावे. बहुधा त्याच सुमारास मूल कामावर येणे सोडते.