जुनी रिव्हॉल्व्हरे आणि त्यांची मूळ स्थिती

जुनी वस्तू हाती आली की ती घासूनपुसून लखलखीत करावी, ही आपल्या घरांची रीत आहे. तांब्यापितळेची भांडी चिंचेने उजळली जातात. खंडेनवमीला शस्त्रे खाली उतरवून त्यांवरील गंज काढला जातो आणि हळदकुंकू वाहून त्यांची पूजा केली जाते. भांड्यांच्या बाबतीत या रीतीने फारसे बिघडत नाही. जुन्या अग्निशस्त्राच्या बाबतीत मात्र तीच माया घातक ठरते. कारण शस्त्राचा इतिहास त्याच्या पृष्ठभागावरच लिहिलेला असतो, आणि घासणारा हात तो नकळत पुसून टाकतो.

रिव्हॉल्व्हर व पिस्तूल हे शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात. संग्राहकाला हा सैलपणा परवडत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक फिरते चक्र असते. त्यात पाच-सहा कप्पे असून प्रत्येक बारापूर्वी चक्र थोडे फिरते व नवा कप्पा नळीसमोर येतो. स्वयंचलित पिस्तुलात असे चक्र नसते; मुठीतील पेटीमधून काडतुसे एकामागून एक वर सरकतात. एलिशा कोलियर याने फिरत्या चक्राच्या चकमकीच्या शस्त्राचे एकस्व १८१८ मध्ये लंडन येथे घेतले होते. परंतु ही कल्पना व्यवहारात रुजवली ती सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन कारखानदाराने. त्याला अमेरिकेत १८३६ मध्ये एकस्व मिळाले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्सचे रिव्हॉल्व्हर १८५१ मध्ये पुढे आले, आणि १८८७ पासून बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याची रिव्हॉल्व्हरे ब्रिटिश सैन्यात रूढ झाली. भारतातील जुन्या घराण्यांत व संग्रहालयांत जी रिव्हॉल्व्हरे आढळतात, त्यांतील पुष्कळशी या इंग्रजी परंपरेतील आहेत.

मूळ स्थिती म्हणजे काय?

‘मूळ स्थिती’ याचा अर्थ ‘नव्यासारखी स्थिती’ असा नव्हे. दीडशे वर्षे वापरलेले, झिजलेले, मुठीचे लाकूड काळवंडलेले रिव्हॉल्व्हरही मूळ स्थितीत असू शकते; आणि आरशासारखे चकाकणारे रिव्हॉल्व्हर ती स्थिती कायमची गमावून बसलेले असू शकते. अभ्यासक तीन गोष्टी पाहतात.

पहिली गोष्ट म्हणजे भागांची एकता. कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर नळी, चौकट, चक्र व चापाचे कडे अशा निरनिराळ्या भागांवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. सर्व क्रमांक जुळले, तर हे भाग कारखान्यातून एकत्रच बाहेर पडले असे मानण्यास आधार मिळतो. एखाद्या भागावर वेगळाच क्रमांक असेल, तर तो भाग नंतर कोठून तरी आणून बसवलेला असण्याचा संभव अधिक.

दुसरी गोष्ट म्हणजे पृष्ठभागाची झिलई. पोलादावरील निळसर-काळी छटा हा रंगाचा हात नव्हे. धातूवर नियंत्रित रीतीने आणलेला तो लोहाच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो. हा थर एकदा घासला गेला की परत येत नाही. नव्याने झिलई चढवता येते, परंतु त्यासाठी आधी पोलाद घासावे लागते आणि त्याच्या खुणा मागे राहतात. कोरलेली अक्षरे पुसट होतात, कडांची धार गोलावते, स्क्रूच्या छिद्रांभोवतीचा सपाट भाग किंचित खोलगट होतो. गंजाने पडलेल्या खळग्यांच्या तळाशीही तीच नवी निळाई दिसली, तर झिलई गंजानंतरची आहे हे उघड होते. कोल्टच्या १८५१ च्या नमुन्यातील चक्रावर १८४३ मधील कॅम्पेचे येथील आरमारी लढाईचे चित्र उमटवलेले असे. ते इतके उथळ आहे की वारंवारच्या घासण्यात प्रथम तेच नाहीसे होते. म्हणून त्या चित्रातील जहाजे किती स्पष्ट दिसतात, यावरून शस्त्राने काय काय सोसले याचा अंदाज बांधता येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे मुद्रा. कारखान्याचे नाव, सैन्याची खूण, आणि नळी व कप्पे प्रखर बाराने तपासल्यानंतर परीक्षागृहाने ठोकलेली मोहोर या त्यांतील मुख्य. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये स्थापन झाले. या मोहोरांवरून शस्त्राचा काळ व प्रवास ठरवता येतो.

एका क्रमांकाची साक्ष

क्रमांकाचे मोल किती असते, हे इंदूर येथील एका प्रसंगावरून कळते. त्यातील शस्त्र रिव्हॉल्व्हर नसून कोल्ट कंपनीचे ०.३२ बोअरचे स्वयंचलित पिस्तूल आहे. पण मूळ स्थितीचा प्रश्न दोहोंना सारखाच लागू पडतो. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे साँडर्स या पोलीस अधिकाऱ्याचा वध झाला. पहिली गोळी पुणे जिल्ह्यातील खेडच्या शिवराम हरी राजगुरू यांनी झाडली असे मानले जाते. त्यानंतर भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचे पिस्तूल खटल्यानंतर पोलिसांच्या ताब्यात राहिले. १९६९ मध्ये ते पंजाबातील फिल्लौर येथून सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रप्रशिक्षण संस्थेकडे आले आणि तेथील संग्रहात इतर शस्त्रांबरोबर ठेवले गेले. गंजापासून रक्षण व्हावे म्हणून त्याला काळा रंग दिलेला होता. त्या रंगाखाली क्रमांक झाकला गेला आणि पिस्तुलाची ओळखही झाकली गेली. २०१६ मध्ये रंग खरवडल्यावर १६८८९६ हा क्रमांक दिसला. तो खटल्याच्या कागदपत्रांतील क्रमांकाशी जुळला, आणि अनेक शस्त्रांपैकी एक असलेली ती वस्तू राष्ट्रीय ठेवा ठरली. पुढे ते पिस्तूल हुसैनीवाला येथील संग्रहालयात ठेवण्यात आले.

या प्रसंगातून दोन धडे मिळतात. सद्हेतूने दिलेला लेपही शस्त्राला दीर्घकाळ मुके करू शकतो, हा पहिला. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. रंग वरून दिलेला होता, म्हणून तो काढता आला. त्याऐवजी कोणी गंज काढण्यासाठी कानस फिरवली असती, तर क्रमांक नाहीसा झाला असता आणि कोणतेही कागदपत्र त्या पिस्तुलाची ओळख पटवू शकले नसते. म्हणून जतनाचा पहिला नियम असा : जे पुन्हा काढून टाकता येईल तेच करावे, जे परत फिरवता येणार नाही ते करू नये.

जतन

या नियमाप्रमाणे वागणे कठीण नाही. शस्त्र रिकामे असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. धूळ मऊ कोरड्या कापडाने टिपावी. पॉलिश, चिंच, राख, काचकागद यांना जवळ येऊ देऊ नये. घामातील क्षारांमुळे बोटांच्या ठशांवर गंज धरतो, यासाठी सुती हातमोजे वापरावेत. तेलाचा किंवा संग्रहालयात वापरतात त्या मेणाचा अगदी पातळ हात पुरेसा होतो. चामड्याच्या म्यानात शस्त्र कायम ठेवू नये. चामडे ओलावा धरून ठेवते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये धातूला खातात. कोकणातील खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा हे खरे शत्रू आहेत. पूजेचे ओले हळदकुंकूही त्याच रात्री पुसून घ्यावे. श्रद्धेला त्याने बाध येत नाही आणि पोलाद वाचते.

कायदा आणि संग्राहक

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. केवळ जुने झाले म्हणून कोणतेही रिव्हॉल्व्हर त्यातून सुटत नाही. पुराणवस्तूचे मूल्य असलेले किंवा कालबाह्य घडणीचे शस्त्र दुरुस्तीनंतरही वापरता येणार नसेल, तरच त्याला सूट आहे. येथे संग्राहकापुढे पेच उभा राहतो. चालू स्थितीतील जुने रिव्हॉल्व्हर परवान्याशिवाय बाळगता येत नाही. ते निकामी करावे तर त्याची मूळ स्थिती नष्ट होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांनी शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. पुढील व्यवस्था मुदतीत न केल्यास ते सरकारजमा होऊ शकते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुराणवस्तू कायदाही लागू होतो, आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठवता येत नाहीत.

एका बाबतीत मात्र कायदा आणि संग्राहक यांचे पूर्ण एकमत आहे. शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह खोडणे किंवा बदलणे हा अधिनियमानुसार गुन्हा आहे. कायद्याला गुन्हेगार शोधायचा असतो, अभ्यासकाला इतिहास; दोघांनाही तोच क्रमांक लागतो.

म्हणून ज्यांच्या घरात पणजोबांचे एखादे रिव्हॉल्व्हर आहे, त्यांनी प्रथम परवान्याची स्थिती पाहावी. नंतर शस्त्रावरील सर्व क्रमांक व मुद्रा वहीत उतरवाव्यात, छायाचित्रे घ्यावीत. शस्त्र कोणाकडून आले, कोणी कोठे वापरले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. जुना परवाना, पावती, पत्र यांतील एकही कागद टाकून देऊ नये. घरी ठेवणे शक्य नसेल, तर कायदेशीर मार्गाने एखाद्या संग्रहालयाकडे देण्याचा विचार करावा, आणि ही वहीही शस्त्राबरोबरच द्यावी. कागदांवाचून शस्त्र हे केवळ पोलाद असते. इंदूरला ओळख पटली ती क्रमांक शाबूत होता आणि कागदही शाबूत होते म्हणून.