बौद्धांची चार पवित्र स्थळे : तेथे कशासाठी जावयाचे?



दीक्षा घेतल्यावर पुष्कळ घरांत वडीलधारी माणसे विचारतात, "पंढरी सुटली, जेजुरी सुटली, आता आपण कोठल्या यात्रेला जायचे?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर महापरिनिब्बान सुत्तात आहे.

भगवंतांनी आनंदाला चार दर्शनीय स्थळे सांगितली. तथागतांचा जन्म झाला ते लुंबिनी, संबोधी प्राप्त झाली ती बुद्धगया, धम्मचक्र प्रवर्तित झाले ते सारनाथ आणि महापरिनिर्वाण झाले ते कुशीनारा. पहिले नेपाळात, दुसरे बिहारात व शेवटची दोन उत्तर प्रदेशात आहेत. ती पाहून मनात 'संवेग' उत्पन्न व्हावा, असे भगवंत सांगतात. संवेग म्हणजे जीवनाची अनित्यता उमगून सन्मार्गाची तळमळ लागणे. तेथे नवस फेडावयाचा नाही.

लुंबिनीला सम्राट अशोक आपल्या राज्याभिषेकानंतर 20 वर्षांनी गेला. त्याने तेथे स्तंभ उभारला आणि गावाचा कर कमी केला, असे त्या स्तंभावरच कोरलेले आहे. वंदना केली आणि गरिबाचा भारही हलका केला! यात्रा अशी असावी.

बुद्धगयेच्या महाविहारासाठी अनागारिक धर्मपालांनी 1891 पासून लढा दिला. तरीही 1949 च्या कायद्याने नेमलेल्या व्यवस्थापन समितीत बौद्धांना निम्म्याच जागा मिळाल्या. आपले स्थळ आपल्या हाती असावे, ही मागणी आजही उभी आहे. प्रत्येक उपासकाने ती समजून घ्यावी.

एक सावधगिरी. बुद्धगयेला जाताना वाटेत गया लागते. पिंडदानासाठी बोलावणारे तेथे भेटतील. "एवढ्या लांब आलोच आहोत, तर वडिलांच्या नावाने करून टाकू," असे मनात येईल. त्या वेळी बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरास दिलेल्या 22 प्रतिज्ञा आठवा. श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. नदीच्या स्नानाने पाप धुतले जाते, असे मानणाऱ्या सुंदरिक भारद्वाज ब्राह्मणालाही भगवंतांनी हेच समजाविले होते की, शील शुद्ध असेल तर गयेला जाण्याचे कारण उरत नाही.

ज्यांना भाड्याचे पैसे जुळत नाहीत त्यांनी खंत करू नये आणि कर्ज तर मुळीच काढू नये. पौर्णिमेला घरातील सर्वांनी एकत्र बसावे, त्रिशरण-पंचशील घ्यावे व मुलांना या चार स्थळांची हकीकत सांगावी. पंचशील पाळले जाते ते घरही पवित्र स्थळच होय.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!